साडेअठरा मीटर

टेप अठरा मीटर पन्नासवर येऊन थांबली. मोजायला आलेल्या मुलीने ती सैल सोडली, पुन्हा ताणली, गुडघ्यांवर बसून टोक रेषेवर नीट दाबून धरलं. पुन्हा अठरा पन्नास. “बाई, दुसरी रेषा कुठेय?” तिने विचारलं. हॉलच्या त्या टोकाला आणखी एखादी पांढरी रेषा असेल आणि आपण चुकीची धरली, असं तिला वाटलं असावं. पण दुसरी रेषा नव्हती. अकरा वर्षांपूर्वी पीटीच्या बाईंनी स्वतः, रंगाचा डबा आणि चिकटपट्टी घेऊन, ओणवं होऊन या दोन रेषा आखल्या होत्या. दर सुट्टीत त्यांच्यावर नवा हात फिरवला होता. वीस मीटर. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत पोरांनी पळायचं, टेपरेकॉर्डरमधून टुक्‌ असा आवाज झाला की वळायचं, पुन्हा पळायचं. दर मिनिटाला आवाज थोडा घाईचा होतो, ती एक पायरी. दोनदा मागे पडलं की पोर बाहेर. कितव्या पायरीवर बाहेर पडलं तो त्याचा आकडा, आकड्यावरून तक्त्यातला रंग: हिरवा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे दमसास उत्तम. मोजायला आलेली मुलगी विद्यापीठातून आली होती. चाळीस शाळांतल्या चौथीच्या मुलांची तंदुरुस्ती ती तपासत होती. उंची, वजन, मुठीची ताकद, पोटाचे व्यायाम, बसून पुढे वाकणं, आणि हे पळणं. सकाळी आल्या आल्या चहा पिताना तिने सांगितलं होतं, “तुमची मुलं बाकी सगळ्यांत इतर शाळांसारखीच आहेत. फक्त दमसासात खूप पुढे. असं कसं, ते बघायला मुद्दाम आले.” तेव्हा पीटीच्या बाई नुसत्या हसल्या होत्या. असं कसं म्हणजे काय, असं कसं म्हणजे मी, हे काही कुणी तोंडाने सांगत नाही.

आता पीटीच्या बाई हसल्या नाहीत. तिने कपाटातून आपली टेप आणली. कातडी डबीतली पिवळी कापडी टेप, तिच्या आधीच्या सरांनी निवृत्त होताना किल्ल्यांबरोबर दिलेली. तिने कडी एका रेषेवर ठेवली, डबी घेऊन दुसऱ्या रेषेपर्यंत चालत गेली, वाकून वाचलं. वीस. बरोबर वीस. “बघ,” ती म्हणाली. मुलीने आपली टेप या टेपेच्या शेजारी जमिनीवर पसरली आणि कडीच्या टोकाशी जाऊन उकिडवी बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, “बाई, जरा इकडे या.” कडीपासून हातभर अंतरावर दोन मीटरची लाल खूण होती. पहिल्या मीटरची खूणच नव्हती. टेपेचं टोक कधीतरी फाटलं होतं, कुणीतरी ते कापून टाकून दीड मीटरच्या पुढे कडी शिवली होती, जाड दोऱ्याने, चांगली घट्ट, बारीक टाके घालून. अकरा वर्षं तिने ही टेप डबीच्या बाजूने वाचली होती. दुसऱ्या टोकाला शून्य असणार असं ती धरून चालली होती. शून्य काय, असतंच.

त्या टाक्यांकडे बघताना तिला हसू येईल की काय अशी भीती वाटली. तिचे वडील शिंपी होते. बाजारातल्या जिन्याखालच्या दुकानात, एक मशीन, एक आरसा, गळ्यात टेप. लहानपणी ती काजं-बटणं करायला बसायची तेव्हा त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही की आधी शून्यावर अंगठा. “टोक झिजलेलं असतं, बाळा. टेप जुनी झाली की खोटं बोलायला लागते. टोक सोड, दहापासून मोज आणि दहा वजा कर.” गिऱ्हाइकाचं माप घेताना ते आकडा कधी तोंडाने बोलत नसत. कंबर असो, छाती असो, ओठ मिटून वहीत लिहायचे. माणूस आधीच आरशासमोर अवघडून उभा असतो, त्यात आणखी ओरडून कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. तिला ते तेव्हा कळलं नव्हतं. कळलं चौथीत, शाळेत वजनकाटा आला तेव्हा. कंपाउंडर ओरडून आकडा सांगायचा आणि मास्तर लिहायचे. “एकेचाळीस!” तो ओरडला, मग काट्याकडे पुन्हा वाकून बघून, जणू काटाच चुकला असावा अशा आवाजात, “एकेचाळीसच!” वर्ग हसला. पुढे दोन वर्षं पोरं तिला एकेचाळीस म्हणत. तिने पळायला सुरुवात केली ती त्या नावापासून लांब जायला. पुढे पळणं अंगवळणी पडलं, मग आवडलं, मग त्याचीच नोकरी झाली. या शाळेत आल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर वजनकाट्यासमोर पुठ्ठा उभा केला. आत एक पोर, बाहेर ती, आकडा थेट कागदावर. पोरांना कागद मिळायचा तो घडी घालून. आणि हिरवा चौकोन द्यायला तिला आवडायचं. हे तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. हिरव्या शाईचा शिक्का उमटवताना तिला दर वेळी वाटायचं, एका पोराचं एक नाव आपण पुसून टाकलं.

मुलीने नवी रेषा आखली, खडूने, खिडकीच्या पार खाली, आणि चौथीचा वर्ग आत आला. पोरं नेहमीसारखी ढकलाढकली करत ओळीत उभी राहिली. टुक्‌. सगळी पळाली. पहिली पायरी गेली, दुसरीत चार जण बाहेर पडले. ते भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत होते. काय झालं ते त्यांना कळत नव्हतं, कारण गेल्याच आठवड्यात सरावाला हेच चार जण तिसऱ्या पायरीच्या पार गेले होते. वर्गात सगळ्यांत चपळ म्हणून मिरवणारी एक वेणीवाली पाचव्या पायरीच्या शेवटाला बाहेर आली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत, आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, “बाई, आज हॉल मोठा झालाय का हो?” मोजायला आलेल्या मुलीने मान खाली घातली. पीटीच्या बाईंनी वेणीवालीला पाणी प्यायला पाठवलं. बाईंच्या मनात तेव्हा दुसरंच कुणी तरी भिंतीला टेकून उभं होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या चौथीतली एक मुलगी. वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा. मधल्या सुट्टीत जिन्यावरून उतरणारी सगळ्यांत शेवटची, रांगेत शेवटची, कुठे न्यायचं झालं तर वळून वळून जिची वाट बघावी लागते ती. किडकिडीत, पांढुरकी, हसरी. एक दिवस तिची आई शाळेत आली. इस्त्रीचं काम करणारी बाई, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. म्हणाली, “बाई, ही जिना चढताना मध्येच बसते. दम लागतो म्हणते. नाटक करते की काय कळत नाही. तुम्ही पळवता ना यांना, तुम्हाला काय वाटतं?” नेमकी त्याच आठवड्यात चाचणी झाली होती. तिने कागद काढून दाखवला. तिसरी पायरी पूर्ण, चौथीतली एक फेरी. चोवीस फेऱ्या. हिरवा चौकोन. “हे बघा, दमसास उत्तम आहे हिचा. काळजी करू नका. थोडं खेळू द्या, सवय होईल.” आईच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं होतं. तीन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की गोगलगाय मोठ्या शाळेत जिन्यावर पडली, हृदयात जन्मापासून छिद्र होतं, मोठं ऑपरेशन झालं. तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, पण ते लांबचं वाईट. पळण्याच्या चाचणीत छिद्र दिसत नाही, ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, असं ती स्वतःशी म्हणाली होती आणि ते खरंही होतं. तेवढ्यावर सहा वर्षं निभावली. आता मात्र पोरांचे आवाज हॉलच्या छतात घुमत असताना तिला ती चोविसावी फेरी दिसायला लागली, आणि ती आकड्याशिवाय दिसायला लागली. रेषेवर येऊन थांबलेली मुलगी. एक हात भिंतीवर. मानेवरची शीर उडतेय, ती इतकी की तीन हातांवरून दिसावी. कपाळावर घाम, ओठ कोरडे, आणि बाई विचारतायत म्हणून हसायचा प्रयत्न. तिने हे पाहिलं होतं. न पाहिल्यासारखं काही नव्हतं त्यात. बाकीची तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बाहेर पडलेली पोरं मिनिटभरात उड्या मारायला लागली आणि ही दहा मिनिटं खाली बसून होती. बघून कळत होतं की हे काहीतरी बरं नाही. मग तिने तक्त्यात आकडा शोधला, चौकोन हिरवा निघाला, आणि डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडलं. टेप जुने सर देऊन गेले, कडी कुणी शिवली ते देव जाणे. पण ती शीर तिने स्वतः पाहिली होती.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांच्या खोलीत भिंतीवर एक चौकट होती, त्यात शाळेच्या मुलांच्या दमसासाबद्दल वर्तमानपत्रात आलेलं कात्रण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही टेपा टेबलावर पसरून बघितल्या. मग चष्मा काढून पुसला. “म्हणजे मुलं जेवढी आहेत तेवढीच आहेत,” त्या म्हणाल्या. “आपण कागदावर जास्त लिहिलं. बरं. आजपासून नीट लिहू. झालं गेलं.” पीटीच्या बाईंनी गोगलगायीचं सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. “तो डॉक्टरांचा विषय आहे गं. उद्या तू पालकांना पत्रं पाठवशील, ते विचारतील बाकीच्या चाचण्यांचं काय, मार्कांचं काय. समितीपुढे ठेवू. तोवर शाळेच्या कागदावर काही जाणार नाही.” हे त्या दुष्टपणे म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिच्यासाठी चहाही मागवला. “शाळेच्या कागदावर नाही जाणार,” ती म्हणाली, “पायी गेलं तर चालेल?” मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. “ते मला विचारू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि तिने त्याचा अर्थ आपल्याला हवा तो घेतला.

रविवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर अकरा वर्षांच्या वह्या घेऊन बसली. मोजायला आलेल्या मुलीने तिला एक सूत्र लिहून दिलं होतं: हॉल दीड मीटर आखूड असेल तर कुठली पायरी खरी कुठे पडते. साधारण दीड पायरी खाली. आठशे सत्तर पोरं. ती एकेक नाव बोटाने धरून खाली ओढत गेली. काही चेहरे आठवत होते, काही अजिबात नाही, आणि न आठवणाऱ्यांचीच भीती जास्त वाटत होती. हिरव्यातून पिवळ्यात दोनशे चौदा. हिरव्यातून थेट लाल, सतरा. थेट लाल म्हणजे ज्यांच्या घरी तेव्हाच पत्र जायला हवं होतं की एकदा डॉक्टरांना दाखवा. या सतरांपैकी बहुतेकांना काहीही झालेलं नसणार हे तिला माहीत होतं. आळशी पोरं असतील, त्या दिवशी पोट दुखत असेल, बूट चावत असेल. नवरा भांडी विसळून हात पुसत आला आणि यादीकडे बघत उभा राहिला. “सतरा घरं? मतं मागायला निघाल्यासारखी?” “हो,” ती म्हणाली. “आणि दारात उभी राहून सांगणार काय?” तिला ते ठाऊक नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला, वही आपल्याकडे फिरवून घेतली, आणि थोड्या वेळाने म्हणाला, “पत्ते जुने आहेत. निम्मे तरी बदलले असतील. मी फोन करून विचारतो, तू घरी जा.” नवऱ्याला फोनवर बोलायचा मनापासून कंटाळा. सतरांतलं पहिलं नाव कुठलं ते दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर जाताना तिला सारखं वाटत होतं की दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाशी, जिथे भिंतीचा रंग एका उंचीवर तेलकट झालाय, तिथे कुणीतरी बसायचं. दार आईने उघडलं. नऊ वर्षांत केस पांढरे झाले होते, पण तिने लगेच ओळखलं. “अगं बाई, बाई तुम्ही!” म्हणाली आणि आपल्याच बोलण्याला हसली. आत खोलीभर कपडे होते, दोरीवर, खुर्च्यांवर, पलंगावर कडक घड्यांचे ढीग. इस्त्रीची गरम, कोरडी वाफ. एक खुर्ची मोकळी करून तिला बसवलं आणि आई टेबलाशी उभी राहून शर्टाच्या बाह्यांवर इस्त्री फिरवत बोलायला लागली, हातातलं काम न थांबवता बोलायची सवय असलेल्या माणसासारखी. मुलगी छान आहे. चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. येईलच आता. ऑपरेशन झालं त्याला सहा वर्षं झाली, वर्षातून एकदा दाखवायला जावं लागतं, बाकी काही नाही. “तुम्ही कसं येणं केलंत?” पीटीच्या बाईंनी सांगायला सुरुवात केली. टेप, कडी, दीड मीटर. पाठ करून आलेली वाक्यं तिला स्वतःलाच वर्गात धडा वाचून दाखवल्यासारखी वाटत होती. आई ऐकत होती, बाही उलटी करत होती. “तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते, काळजी करू नका,” ती शेवटी म्हणाली.

“म्हणाला होतात का?” आई म्हणाली. “मला नाही आठवत, बाई. तुम्ही कशाला मनाला लावून घेता. आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही गेलो होतो की. कोपऱ्यावरचे. त्यांनी नळी लावून बघितलं, म्हणाले वाढीचं वय आहे, रक्त कमी असेल, गोळ्या दिल्या. त्यांना नाही कळलं तर तुम्हाला काय कळणार?” तिला खुर्चीत एकदम हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणात, लाज वाटावी असं, थोडं निराशही. म्हणजे इतके दिवस आपण जे उरावर घेऊन बसलो त्यात आपण नव्हतोच. एका बाईने एक कागद दाखवला, दुसऱ्या बाईला तो आठवतही नाही. उठावं, चहा नको म्हणावं, जावं. ती तशी उठलीही असती. पण दार ढकलून मुलगी आत आली. उंच झाली होती, केस आखूड, नाकावर दुकानातला कुठलासा नवा चष्मा. “पीटीच्या बाई!” ती ओरडली आणि पिशवी टाकून सरळ आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला, चार घड्या पडलेला कागद होता. हिरवा शिक्का फिका झाला होता. “बघा, अजून आहे. शाळेतला माझा एकच उत्तम. गणितात नाही, चित्रात नाही, पळण्यात! कुणाला खरं वाटत नाही.” ती हसत होती. “ऑपरेशनच्या आधी त्यांचा तो तरुण डॉक्टर विचारत होता, कधी पळायचीस का. मी म्हटलं, उत्तम पळते, कागद आहे घरी. आणि नंतर जेव्हा त्या वॉर्डात चालायला लावायचे ना, या खांबापासून त्या खांबापर्यंत, तेव्हा मी मनात टुक्‌ टुक्‌ करायचे. म्हणायचे, तू चोवीस फेऱ्या मारल्यायस, ही कसली.”

आईची इस्त्री चालूच होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत बसलं होतं. आता न सांगता जाणं किती सोपं आहे आणि किती चांगलं दिसेल, हे पीटीच्या बाईंना कळत होतं. पोरीचा एकच उत्तम. तो काढून घ्यायला आपण तीन मजले चढून आलोय. तिला वाटलं, वडिलांनी काय केलं असतं, आणि लगेच कळलं की त्यांनीही ओठ मिटूनच घेतले असते. पण ते आकडा सांगत नसत, लिहीत मात्र बरोबर. कपडा अंगाला बसायचा. “तो कागद चुकीचा आहे,” ती म्हणाली.

मुलीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचं काहीतरी थांबलं. “म्हणजे?” तिने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी थोडक्यात. मुलीने कागदाकडे पाहिलं. “किती चुकलं?” “दीड मीटर.” “एकूण?” “एका फेरीला.” “प्रत्येक फेरीला?” “प्रत्येक.” मुलगी ओठ हलवत हिशेब करायला लागली आणि आईने विचारलं, अगदी सहज, बाही सरळ करता करता, “मग खरं लिहिलं असतं तर कुठला रंग आला असता?”

“लाल.”

“लाल आला की काय करता तुम्ही?”

“डॉक्टरांना दाखवा, अशी चिठ्ठी देतो. मोठ्या डॉक्टरांना. हृदयाची तपासणी करून घ्या, असं.”

आईने इस्त्री उभी केली. भिंतीवरचं बटण बंद केलं. तिला ते करताना बघून पीटीच्या बाईंना कळलं की आता तिला आठवलं. “मी दोघांकडे गेले होते,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “एकाने म्हटलं ठीक आहे. पण माझं मन भरत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले. तुम्ही कागद दाखवलात. मग मी म्हटलं, दोघंही एकच सांगतायत, आपलंच चुकत असेल. आणि हिला ओरडले. नाटकं करू नकोस म्हणाले. तीन वर्षं म्हणत होते मी हिला, नाटकं करू नकोस.” ती थांबली. “तिकडे मोठ्या दवाखान्यात ते म्हणाले होते, दोन-तीन वर्षं आधी आणली असतीत तर कदाचित छाती उघडावी लागली नसती. कदाचित म्हणाले. मांडीतून नळी घालून बंद करतात म्हणे.” मुलगी म्हणाली, “आई, जाऊ दे.” “जाऊ दे काय,” आई म्हणाली. “मी म्हणते का काही? त्या सांगायला आल्यात, मीही सांगतेय.” पीटीच्या बाईंनी माफ करा म्हणायला तोंड उघडलं, आणि तो शब्द या खोलीत फारच लहान पडेल असं वाटून तिने तो तसाच ठेवला. तिने फक्त सांगितलं, “मी तिला त्या दिवशी बघितलं होतं. मानेवरची शीर उडत होती. मला दिसलं होतं. मी आकड्यावर विश्वास ठेवला.” हे सांगायचं तिने ठरवलं नव्हतं. टेपेचा त्यात काही संबंध नव्हता, आणि कुणी विचारलंही नव्हतं. आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. कुणी इतका वेळ सरळ डोळ्यांत बघावं असं तिच्या बाबतीत कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

“चारशे चव्वेचाळीस,” मुलगी म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. “चोवीस फेऱ्या साडेअठराच्या. चारशे चव्वेचाळीस मीटर. वीसच्या असत्या तर चारशे ऐंशी. म्हणजे छत्तीस मीटर कमी.” तिने कागद टेबलावर ठेवला, अजून गरम असलेल्या चादरीवर, आणि हाताने सपाट केला. “चारशे चव्वेचाळीस तरी पळालेच ना मी? छिद्र असताना?” “पळालीस,” पीटीच्या बाई म्हणाल्या. “ते मी मोजलंय. फेऱ्या बरोबर मोजल्यात.” “मग तसं लिहून द्या. चुकीचा कागद मला नको.” तिने पेन दिलं. बाईंनी उत्तमवर एक रेघ मारली, सरळ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: २४ फेऱ्या, प्रत्येकी साडेअठरा मीटर, एकूण ४४४ मीटर. खाली आजची तारीख आणि सही. “आणि रंग?” मुलगी म्हणाली. “लाल लागेल,” त्या म्हणाल्या. लाल पेन घरात नव्हतं. मुलगी आत जाऊन नखांना लावायच्या रंगाची बाटली घेऊन आली. छोटा कुंचला बाईंनी हातात घेतला. हिरव्या चौकोनावर कडेकडेने, बाहेर न जाऊ देता, त्यांनी लाल रंग भरला. खोलीत इस्त्रीच्या वासात तो तिखट वास मिसळला. आई मध्ये काही बोलली नाही. फक्त कागदाच्या जवळचा कपड्यांचा ढीग, डाग पडू नये म्हणून, उचलून बाजूला ठेवला.

“अशी अजून घरं आहेत का?” तिने विचारलं.

“सोळा.”

“मग इथे बसून काय होणार. एखाद्याचं पोर आजही जिन्यात बसत असेल आणि घरचे ओरडत असतील.” बोलण्यात राग होताच. त्याने पुढची घरं सोपी होणार नव्हती. त्यातली सात रिकामी निघणार होती, दोघं ओरडणार होते, एक बाप दारातच कुठली चाचणी म्हणून विचारणार होता, आणि एका सहावीतल्या मुलीला तिची मावशी दुसऱ्याच दिवशी तपासायला नेणार होती. हे सगळं पुढे व्हायचं होतं. आत्ता पीटीच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि पर्स खांद्याला लावली. पण रंग ओला होता आणि कागदाची घडी घालता येत नव्हती. मुलीने कागद दोन्ही हातांनी उचलून तोंडासमोर धरला आणि त्यावर फुंकर घालायला लागली. हळू, एकसारखी, लांब. तिच्या शर्टाच्या वरच्या बटणापाशी जखमेच्या व्रणाचं टोक दिसत होतं, फुंकरेबरोबर ते हलत होतं. पीटीच्या बाई सवयीने मनात मोजायला लागल्या. आठ, नऊ, दहा. आई कमरेवर हात ठेवून लेकीच्या गळ्याकडे बघत होती. पंधरा, सोळा.

“पुरे गं,” आई म्हणाली. “सुकलं ते.”

मुलीने मान हलवून नाही म्हटलं आणि ती फुंकतच राहिली.